घर विकायला काढताना

कोल्हापुरात एखादे घर विकायचे ठरले की दोन दिवसांत ते सगळ्या पेठेला माहीत होते. मग एजंट येतात, त्यांच्यामागून गिऱ्हाइके येतात, सोप्यात बसून चहा पितात, वर बघतात, भिंतीवर हात फिरवतात आणि "घरात विचारून सांगतो" म्हणून जातात. सहा महिन्यांनी घर तिथेच असते. घरमालक म्हणतो, बाजार थंड आहे. बाजार थंड असतोही कधी कधी. पण गेल्या काही वर्षांत आमच्या नात्यात जी दोन घरे विकली गेली आणि ओळखीत जी चार-पाच अडकून पडली, ती पाहून आमचे मत वेगळे झाले आहे. घर विकण्याची तयारी रंगाच्या डब्यापासून सुरू होत नाही. ती कपाटातल्या फाइलपासून सुरू होते.

आपल्या घरांमध्ये तर हे फारच खरे आहे. अब्बांचा इंतकाल होऊन दहा वर्षे झालेली असतात, घरफाळा अजून त्यांच्याच नावाने भरला जातो, प्रॉपर्टी कार्डावर कधी कधी दादांचेही नाव असते. घरात कोणाला त्याची अडचण वाटत नाही, कारण राहायला नाव लागत नाही. विकायला लागते. गिऱ्हाइकाचा वकील ३० वर्षांचा सर्च काढतो, बँक कर्ज देण्याआधी तेच मागते, आणि तिथे कळते की विकणाऱ्या भावाचे नाव कुठेच नाही.

म्हणून पहिले काम सिटी सर्व्हे ऑफिसातले. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि अर्ज देऊन वारस नोंद करून घ्या. त्याच वेळी सत्ताप्रकाराचा रकाना वाचून घ्या. कोल्हापुरात देवस्थानच्या, इनामाच्या, वक्फच्या आणि सरकारी अटींवर दिलेल्या जागा पुष्कळ आहेत. तसे काही लिहिलेले दिसले तर एजंटाला फोन करण्याआधी वकिलाला भेटा. वक्फची जागा विकता येत नाही, मग घर कितीही चकचकीत करा.

हिस्सा आणि सही

आता नाजूक गोष्ट. वारस म्हणजे फक्त भाऊ नव्हेत. समजा घराची किंमत ४० लाख येते आहे आणि मागे बेवा अम्मी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे, मयताचे आईवडील आधीच गेलेले आहेत. कफन-दफनाचा खर्च, कर्ज आणि अम्मींचा मेहर द्यायचा राहिला असेल तर तोही, हे सगळे आधी वजा करायचे. मेहर हे कर्जच आहे, हे लोक सोयीस्कर विसरतात. वसियत असेल तर ती एक तृतीयांशापर्यंत. यातले काहीच नाही असे धरले तर अम्मींचा आठवा हिस्सा म्हणजे ५ लाख, उरलेल्या ३५ लाखांत मुलांना १४-१४ लाख आणि मुलीला ७ लाख. हा हिशेब घर विकायला काढण्याच्या आधी, सगळ्यांना एकत्र बसवून, कागदावर मांडावा. गिऱ्हाईक दारात उभे असताना मांडला की भांडण ठरलेले.

"बहिणीने आपला हिस्सा सोडला आहे" हे वाक्य आम्ही इतक्या घरांतून ऐकले आहे की त्याचा आता रागच येतो. सोडला असेल तर नोंदवलेले हक्कसोडपत्र कुठे आहे? ते नसेल तर ती कायद्याने आणि शरियतने, दोन्हींकडून, मालक आहे. तिची सही लागणार. आणि तिला शेवटच्या दिवशी रजिस्टर ऑफिसात "फक्त सही कर" म्हणून रिक्षातून आणायचे, हा प्रकार मुळात बरा नाही. आमच्या माहितीतला एक सौदा नेमका याच कारणाने मोडला. इचलकरंजीत दिलेली बहीण आली नाही. तिला किंमत कितीला ठरली तेसुद्धा शेजारणीकडून कळले होते. आम्हाला तिचे काही चुकले असे वाटत नाही.

भाऊ दुबईत किंवा सौदीत असेल तर मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे लागते आणि इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. ही मुदत लक्षात ठेवा. वारसांत अज्ञान मूल असेल तर त्याचा हिस्सा आईला परस्पर विकता येत नाही, जिल्हा न्यायालयाची परवानगी काढावी लागते. त्याला महिने लागतात. तेव्हा आधी परवानगी, मग गिऱ्हाईक.

आणि अम्मी इद्दतमध्ये असतील तर ते चार महिने दहा दिवस घर दाखवूच नका. ज्या खोलीत त्या बसल्या आहेत त्या खोलीची लांबी-रुंदी परका माणूस टेपने मोजतो आहे, हे कोणत्याही भावात बसत नाही. त्या दिवसांत कागदांची कामे चालू ठेवता येतात.

ओल लपत नाही

कागद मार्गी लागले की भिंतींकडे वळू. कोल्हापुरात घर बघायला आलेला माणूस दुसरा किंवा तिसरा प्रश्न हाच विचारतो, "पाणी कुठपर्यंत आले होते?" राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पाणी ५० फुटांच्या वर गेले, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. शुक्रवार पेठ, शाहूपुरीचा काही भाग, नागाळा पार्क, रमणमळा, बापट कॅम्प, जाधववाडी इथल्या कितीतरी घरांत भिंतीवर ती रेघ राहिली. २००५ ची आठवणही अजून ताजी आहे.

काही लोक ती रेघ प्लास्टिक इमल्शनने झाकतात. आम्ही दोन कारणांनी याच्या विरोधात आहोत. एक तर ते टिकत नाही. जुन्या पेठांमधल्या भिंती माती-विटांच्या आहेत, त्यांना आत गेलेली ओल बाहेर टाकायला वाट लागते. वरून सिमेंटचा गिलावा आणि तेलाचा किंवा प्लास्टिकचा रंग मारला की ओल आतच कोंडते आणि काही आठवड्यांत पोपडे सुटतात, लोणा वर येतो. घर तोवर विकले गेले नाही तर ते आधीपेक्षा वाईट दिसते. त्यापेक्षा भिंत पूर्ण वाळू द्यावी, लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढावा, पाण्याने धुऊ नये, सुटलेला गिलावा खरवडून चुन्याचा गिलावा करावा आणि वर चुन्याचा हात द्यावा. खर्चही कमी येतो. पांढऱ्या चुन्याने जुना सोपा जितका उजळतो तितका कोणत्याच रंगाने उजळत नाही, असे आम्हाला वाटते.

दुसरे कारण सगळ्यांना ठाऊक आहे. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतले भिजलेले धान्य बाहेर काढणारे आणि ते वर का ठेवले नाहीस असे दुकानदाराला विचारणारे पैगंबर (स.) आपल्याला लहानपणापासून सांगितले गेले आहेत. घराची ओल त्या धान्याहून वेगळी नाही. शिवाय व्यवहाराच्या बाजूनेही पाहा: कोपऱ्यावरच्या पानवाल्याला २०१९ साली तुमच्या कोणत्या पायरीपर्यंत पाणी होते ते तोंडपाठ आहे. गिऱ्हाईक त्याला विचारणारच. तुम्ही स्वतःहून सांगितले, रेघ दाखवली, पाणी किती दिवस राहिले आणि नंतर काय दुरुस्ती केली याची बिले पुढे ठेवली, तर बाकीच्या बोलण्यावरही त्याचा विश्वास बसतो. आमच्या मामूंचे शुक्रवार पेठेतले घर असेच गेले. रेघ त्यांनी मुद्दाम ठेवली होती. घेणाऱ्याने थोडी किंमत पाडली, पण बघायला आल्यापासून दीड महिन्यात व्यवहार पुरा झाला. शेजारचे रंगवलेले घर त्यानंतरही बराच काळ पडून होते.

नदीकाठच्या भागात निळी आणि लाल पूररेषाही तपासून ठेवा. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम करता येत नाही, लाल रेषेपर्यंत अटी असतात. "पाडून अपार्टमेंट बांधता येईल" असे एजंट ठोकून देतो, ते तुमच्या तोंडी घालू देऊ नका.

बाकी दुरुस्त्या लहान आहेत, पण त्यांचा परिणाम मोठा होतो. गळका नळ, न लागणारी कडी, करकरणारे दार, लोंबकळणारा स्विच. फुटकी कौले मे महिन्यातच बदलून घ्या. न्हाणीतली शहाबादी फरशी घासली की निम्मी न्हाणी नवी होते. मॉड्युलर किचन, नवी टाइल असला मोठा खर्च करू नका. घेणारा ते त्याच्या मनाप्रमाणे तोडूनच करतो.

पसाऱ्याचे मात्र गंभीरपणे घ्या. आपल्या घरांत पेट्यांवर पेट्या असतात. अम्मींच्या जहेजची पेटी, गाद्यांचा ढीग, माळ्यावरची शादीची पातेली, तांब्याचा बंब, परड्यातली जुनी सायकल. खोली बारा बाय दहाची असली तरी ती आठ बाय सहाची दिसते. जे नव्या घरी न्यायचे ते आधीच बांधून एका खोलीत लावा, मयताचे कपडे गरजूंना द्या, बाकी भंगारवाल्याला. खिडकीपुढचे कपाट हलवले की खोलीत उजेड येतो, तेवढ्यावर काम भागते. एक सावधगिरी: सागवानी चौकटी, दारे, तुळया यांना स्वतंत्र गिऱ्हाईक येते आणि बरा भाव सांगते. घराचा सौदा होईपर्यंत त्यांना हात लावू देऊ नका. दाराशिवायचे घर कोणालाच राहण्यासारखे वाटत नाही.

लोक बघायला येतात तेव्हा

वेळ ठरवूनच बोलवा. घरात बायका असतात, कोणी नमाजला उभी असते, आणि स्वयंपाकघर तर गिऱ्हाइकाच्या बायकोला बघायचेच असते, तेच खरे ठरवणारे ठिकाण. सकाळी दहा ते बारा ही वेळ आम्हाला बरी वाटते, उजेड असतो. रमजानमध्ये असरनंतर कोणाला बोलवू नये. मटणाच्या वासाची चिंता करू नका. कोल्हापुरात त्या वासाने गिऱ्हाईक परत जात नाही, उलट थोडे रेंगाळते.

घेणारे बहुतेक हिंदू असतील तर त्यांचे दिवस ध्यानात ठेवा. पितृपंधरवड्यात कोणी बोलणी करणार नाही. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीयेला लोक संचकार करायला तयार असतात. वास्तूचे प्रश्न येतील. वाद घालू नका, दार कोणत्या दिशेला आहे ते सांगा आणि थांबा. पाण्याचेही विचारतील. काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचे पाणी २०२३ च्या दिवाळीत शहरात आले, तरी तुमच्या गल्लीत नळ किती वाजता येतो आणि किती वेळ चालतो, ते खरे सांगा.

दारावरची नावाची पाटी आणि भिंतीवरच्या आयती उतरवा, "म्हणजे गिऱ्हाईक जास्त येते," असा सल्ला काही एजंट देतात. तो आम्हाला पटत नाही. प्रॉपर्टी कार्डाच्या पहिल्याच पानावर नाव आहे. ज्याला त्या नावाची अडचण आहे तो पाटी नसली तरी तिथे अडकेल, आणि त्यात तुमचे दोन आठवडे जातील.

आणखी एक. गिऱ्हाईक शोधायला लांब जाण्याआधी भिंतीला भिंत असलेल्या शेजाऱ्याला विचारा. आपल्याकडे शुफा म्हणजे भागीदाराचा आणि शेजाऱ्याचा पहिला हक्क मानला गेला आहे. तो बाजूला ठेवला तरी त्या जागेची गरज सगळ्यांत जास्त त्यालाच असते. पुष्कळदा सगळ्यांत लवकर पैसे तोच उभे करतो.

किंमत सांगताना गल्लीतल्या ऐकीव आकड्यांवर जाऊ नका. जवळपासच्या गेल्या एक-दोन वर्षांतल्या व्यवहारांची सूची क्रमांक २ नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येते, शिवाय रेडी रेकनरचा दर आहेच. मुद्रांक शुल्क खरेदीची किंमत आणि रेडी रेकनर यांतल्या जास्त रकमेवर लागते. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. खरेदी महिलेच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, हे घेणाऱ्याला आपणहून सांगा. तेवढ्यावर घासाघीस थांबलेली आम्ही पाहिली आहे.

"इतके चेकने, इतके रोख" असे कोणी म्हणाले तर नाही म्हणा. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणे कायद्याने बंद आहे आणि दंड घेणाऱ्यावर बसतो. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदार १ टक्का कर कापून भरतो, त्याचे प्रमाणपत्र प्रत्येक वारसाने मागून घ्यावे. नफ्यावरचा कर प्रत्येकाला आपापल्या हिश्श्यावर लागतो. दोन वर्षांत दुसरे घर घेतले किंवा तीन वर्षांत बांधले तर त्यात सूट मिळते. बहिणीचा हिस्सा भावाच्या खात्यात जमा करून "नंतर देतो" म्हणू नका. संचकारपत्रातच प्रत्येक वारसाचे नाव, रक्कम आणि खाते क्रमांक लिहिता येतो, खरेदीदाराची त्याला हरकत नसते. पुराच्या पाण्याची आणि केलेल्या दुरुस्तीची नोंदही त्याच कागदात घालावी.

खरेदीपत्र झाल्यावर घरफाळा, पाणीपट्टी आणि वीज मीटर नव्या मालकाच्या नावावर चढवण्याचे अर्ज त्याच आठवड्यात त्याच्याबरोबर जाऊन द्या, नाहीतर बिले तुमच्याच नावाने येत राहतील. किल्ल्या देताना मोटारीचा स्विच कुठे आहे, माळ्याची शिडी कुठे ठेवलेली आहे आणि पाणी वाढू लागले की परड्यातल्या मोरीचे तोंड पोत्याने कसे बंद करायचे, तेही दाखवून द्या.