पुस्तकातून पडद्यावर (भाग ६) : भूमिका कुणाला, गोष्ट कुणाची?

मागच्या भागात संवाद पडद्यावर येताना कसे बदलतात ते पाहिलं. आज पात्रनिवडीकडे वळू. त्यासाठी ज्याँ कॉक्तोच्या ‘लेझांफां तेरीब्ल’ इतकं बोलकं उदाहरण क्वचितच सापडेल.

ही कादंबरी १९२९ साली आली. अफूचं व्यसन सोडवण्यासाठी कॉक्तो पॅरिसजवळच्या इस्पितळात दाखल झाला होता, तिथेच त्यानं ती लिहिली. गोष्ट पोल आणि एलिझाबेत या भावंडांची. शाळेसमोरच्या बर्फाच्या मारामारीत दार्जेलोस हा दांडगट मुलगा पोलच्या छातीवर गोळा मारतो. पोल त्याला देवासारखा मानत असतो. तो अंथरुणाला खिळतो आणि बहिणीसोबतची एक खोली हेच त्याचं जग होतं. रुसवेफुगवे, जहरी भांडणं, खजिन्याच्या खणात जपलेल्या फालतू वस्तू आणि दोघांनाच ठाऊक असलेला एक खेळ. आई मरते, बहीण लग्न करून विधवा होते, नवऱ्याचा वाडा हाती येतो. तरी त्या वाड्यातही पडदे उभे करून पुन्हा तीच खोली थाटली जाते.

दिग्दर्शक ज्याँ-पिएर मेलव्हिलचा पहिलाच चित्रपट पाहून कॉक्तोनं ही कादंबरी पडद्यावर आणण्याचं काम त्याच्याकडे सोपवलं. १९५० साली चित्रपट झळकला. निवेदन कॉक्तोच्याच आवाजात आहे, आणि बाख-विवाल्डीच्या संगीतामुळे त्या कोंदट खोलीला शोकांतिकेची उंची येते.

आता पात्रं पाहू. पुढे आगात नावाची मुलगी भावंडांच्या आयुष्यात येते. ती हुबेहूब दार्जेलोससारखी दिसते. कादंबरीत हे आपण लेखकाच्या शब्दावर मान्य करतो. मेलव्हिलनं दार्जेलोस आणि आगात या दोन्ही भूमिका रेने कोझिमा या एकाच अभिनेत्रीला दिल्या. पोलचं नवं प्रेम ही जुनीच जखम आहे, हे प्रेक्षकाला पोलच्या आधी कळतं. पुढे त्यानं आगातला लिहिलेलं पत्र एलिझाबेत मधल्यामध्ये अडवते आणि आगातचं लग्न पोलचा मित्र जेरार याच्याशी लावून देते, तेव्हा ती नेमकं काय हिरावून घेते आहे तेही आपल्याला ठाऊक असतं.

पोलच्या बाबतीत मात्र फासा उलटा पडला. एदुआर देर्मीत हा कॉक्तोचा लाडका. त्यालाच घ्यायचा कॉक्तोचा आग्रह होता. कादंबरीतला नाजूक शाळकरी पोल पडद्यावर पंचविशीतला धडधाकट तरुण झाला. बर्फाच्या गोळ्यानं हा कोसळेल, यावर विश्वास बसत नाही.

ती पोकळी निकोल स्तेफाननं भरली. तिची एलिझाबेत कपाळावर आठी घालून वावरते, फटकारते, लाडही करते आणि शेवटी थंड डोक्यानं डाव रचते. कादंबरीची खरी नायिका ती खोली आहे. भावंडं तिचे कैदी. चित्रपटात मात्र खोलीची किल्ली एलिझाबेतच्या हाती जाते आणि शोकांतिका तिची होते. पटकथेत प्रसंग बहुतेक तेच राहिले, तरी केंद्र सरकलं ते कलाकारांमुळे. म्हणून रूपांतर मूळ कृतीशी इमानदार आहे का, हे फक्त प्रसंगांची यादी जुळवून ठरवता येत नाही.

पुढच्या आठवड्यात : आंरी-पिएर रोशेची कादंबरी आणि त्रुफोचा ‘झ्यूल ए जिम’.