पॉप गाण्यातला खर्ज

एखादं इंग्रजी गाणं कानावर पडतं. शब्द धड कळत नाहीत, गाणारा कोण ते ठाऊक नसतं. तरी पाऊल आपोआप ठेका धरतं. ही किमया बहुधा बेस गिटारची असते. तिच्यावर वाजणाऱ्या खर्जातल्या सुरावटीला 'बेसलाइन' म्हणतात.

साध्या गिटारच्या चार जाड तारांहून बेसच्या तारा एक सप्तक खाली लावतात. तिचं काम दुहेरी. ड्रमच्या ठोक्याशी जोडी जमवायची आणि गाण्याच्या चालीला पाया द्यायचा. तबल्याचा डग्गा आणि तंबोऱ्याचा खर्ज यांची कामं एकाच वाद्याने करावीत, तसं हे आहे. मनात बसणारी बेसलाइन बहुधा छोटी असते आणि फिरून फिरून येते. गझलेत शेरामागून शेर ऐकताना आपण रदीफची वाट पाहतो, तशी कान तिची वाट पाहतात.

'टेम्प्टेशन्स' या गायकवृंदाचं 'माय गर्ल' हे १९६४चं गाणं घ्या. आरंभी फक्त बेस वाजतो, मग गिटार येते. गायकाने तोंड उघडण्याआधीच गाणं ओळखू येतं. तो बेस वाजवणारा होता जेम्स जेमर्सन, अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातल्या 'मोटाउन' कंपनीचा वादक. उजव्या हाताच्या एकाच बोटाने तो तारा छेडत असे. जुन्या तारा बदलत नसे. वाद्यात तारांखाली फोमचा तुकडा असे. त्यामुळे सूर लांबत नसे, ठोक्यासारखा उमटे.

त्या काळी गाणी ऐकली जात ती मोटारीतल्या रेडिओवर आणि ट्रान्झिस्टरवर. छोट्या स्पीकरमधून अगदी खालचे सूर नीट निघत नाहीत. म्हणून मोटाउनमध्ये ध्वनिमुद्रण लहान स्पीकरवरही ऐकून पाहत. आपला मेंदूही मदतीला येतो. मूळ सूर हरवला, तरी त्याचे वरचे उपस्वर ऐकून तो खालचा सूर मनातच भरून काढतो.

सूर असे भरून निघाले; नावाचं मात्र तसं झालं नाही. मोटाउनच्या १९६०च्या दशकातल्या तबकड्यांवर वादकांची नावं छापत नसत. गाणी जगभर गेली, जेमर्सन अनामिक राहिला. मार्विन गे याच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या १९७१च्या अल्बमवर त्याचं नाव झळकलं, तोवर कंपनीला बारा वर्षं झाली होती.

मार्च १९८३मध्ये मोटाउनच्या पंचविशीचा मोठा सोहळा झाला. 'बिली जीन'वर मायकल जॅक्सनचं ते गाजलेलं नृत्य तिथलंच. त्या गाण्याचाही प्राण बेसलाइनच. ती वाजवली होती लुई जॉन्सनने. जेमर्सन मात्र त्या रात्री तिकीट काढून प्रेक्षकांत बसला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ४७व्या वर्षी तो गेला. 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये त्याला स्थान मिळालं ते २००० साली. मोटाउनच्या वादकांवरचा माहितीपट आला २००२मध्ये.

आज फोनवर गाणं लावलं की गायकाचं नाव लगेच समोर येतं. वादकाचं शोधावं लागतं. कधीतरी गाणं ऐकताना गायकाकडचं लक्ष काढून खाली, खर्जाकडे कान द्या. पाऊल ज्याच्या तालावर हलतंय, त्याचं नावही विचारून घ्या.