पासपोर्टची ढाल आणि माणसाची किंमत

१६ मार्च २००३. गाझा पट्टीतील रफाह शहर. इस्रायली लष्कराचा बुलडोझर एका पॅलेस्टिनी कुटुंबाच्या घराकडे सरकत होता. भडक रंगाचे जाकीट घातलेली एक तरुणी त्याला आडवी झाली. बुलडोझर थांबला नाही. रेचेल कोरी, वय २३, ही अमेरिकन विद्यार्थिनी चिरडून मरण पावली.

रेचेल ज्या इंटरनॅशनल सॉलिडॅरिटी मूव्हमेंटतर्फे गेली होती, ती २००१ साली उभी राहिली. संस्थापकांत घसान अंदोनी हे पॅलेस्टिनी प्राध्यापक होते, तशाच नेता गोलान या इस्रायली कार्यकर्त्याही होत्या. कामाची पद्धत साधी आहे. परदेशी स्वयंसेवकाने अहिंसेचे प्रशिक्षण घ्यायचे, पाडले जाणार असलेल्या घरात मुक्काम करायचा, ऑलिव्हच्या तोडणीला शेतकऱ्यांसोबत जायचे. शेजारी अमेरिकन वा ब्रिटिश माणूस दिसला की सैनिक गोळी झाडताना दहादा विचार करील, हा त्यामागचा हिशेब. मात्र काय करायचे ते पॅलेस्टिनीच ठरवणार, पाहुणे नव्हे!

वास्तविक हा हिशेबच विषमतेवर उभा आहे. एकाच रस्त्यावर उभ्या असलेल्या दोन माणसांच्या जिवाची किंमत पासपोर्ट पाहून का ठरावी? आणि ही ढाल तरी किती टिकली?

आम्ही कायद्याचे विद्यार्थी. म्हणून न्यायालयांत काय घडले ते पाहू. रेचेलच्या आईवडिलांनी दिवाणी दावा लावला. २०१२ मध्ये हैफाच्या न्यायालयाने तो फेटाळला. तिने स्वतःच धोका ओढवून घेतला, असे म्हटले. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही युद्धकाळातील कृत्याला भरपाईचा नियम लागू नाही, असे सांगितले. थोडक्यात, लष्कराने कारवाईला युद्ध म्हटले की नागरिकाचा दावाच संपला!

टॉम हर्नडॉल हा २१ वर्षांचा ब्रिटिश विद्यार्थी. ११ एप्रिल २००३ रोजी रफाहमध्येच गोळीबारातून मुलांना बाजूला नेताना त्याच्या डोक्यात गोळी लागली. जानेवारी २००४ मध्ये तो गेला. कुटुंबाने पिच्छा सोडला नाही, म्हणून २००५ मध्ये त्या सैनिकाला सदोष मनुष्यवधासाठी आठ वर्षांची शिक्षा झाली. ब्रिटनमधील कुटुंब झगडले तेव्हा कुठे एवढा न्याय मिळाला. मग छावणीतल्या आईने कोणाकडे जायचे?

६ सप्टेंबर २०२४ रोजी वेस्ट बँकेतील बेइता गावी आयशेनूर एझगी एयगी ही २६ वर्षांची तुर्की-अमेरिकन स्वयंसेविका गोळीने ठार झाली. गोळी चुकून लागली असावी, असे लष्कराने म्हटले. तिचे नाव जगभर पोहोचले. परंतु त्याच बेइतामध्ये २०२१ पासून जमिनीसाठी आंदोलन करणारे अनेक पॅलेस्टिनी मारले गेले. त्यांतले एक तरी नाव वाचकांना आठवते काय? आम्हालाही आठवत नाही, हे कबूल केले पाहिजे.

म्हणूनच या तिघांचा गौरव करताना एक भान ठेवावे लागेल. ते तेथे पुढारी व्हायला गेले नव्हते. ज्यांचे घर पडत होते त्यांच्या बाजूला उभे राहायला गेले होते. त्यांचे फोटो लावून आपण थांबलो, तर ज्या विषमतेविरुद्ध ते उभे राहिले तीच आपण जपली असे होईल. खरी आदरांजली एकच : रेचेलच्या पाठीमागे जे घर होते, त्या घरातल्या माणसांकडे पाहणे!