गाडीच्या नंबरातलं गणित

मानोरा तालुक्यातल्या नववी-दहावीच्या गणित शिक्षकांनो, उद्या सूत्र लिहिण्याआधी एखाद्या पोराला घरच्या गाडीचा नंबर विचारा. एमएच ३७ नंतरचे चार अंक. चारही सारखे नकोत, एवढीच अट.

समजा, ३५२४. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा:
५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

पुढे कितीदाही करा, ६१७४च! कुठलाही नंबर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येतो. (उत्तर तीन अंकी आलं तर आधी शून्य लावा.)

हा शोध द. रा. कापरेकरांचा. १९३० ते १९६२ देवळालीत शिकवणारे शाळामास्तर! १९७५ मध्ये अमेरिकन गणितलेखक मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर लिहिलं आणि जगभर नाव झालं.

स्वतःच्या गाडीचा नंबर फळ्यावर आला की मागच्या बाकावरचं पोरगंही वही उघडतं. मग त्याची आवड विचारा. क्रिकेटवेड्याला नेट रनरेट काढायला द्या. पोहरादेवीकडच्या मुलीला आजीच्या बंजारा कशिद्यातले त्रिकोण आणि सममितीचे अक्ष शोधायला सांगा. आजीलाच वर्गात बोलावता आलं, तर फारच छान.

तुमच्या गाडीला किती पायऱ्या लागल्या? कमेंटमध्ये लिहा.