कॅन्सर संशोधनाची वाट खारघरहून

पेण-रोह्यातल्या बी.एस्सी.च्या मुलांना कॅन्सर म्हटलं की परळचं टाटा आठवतं. टाटाचंच संशोधन केंद्र ‘ॲक्ट्रेक’ मात्र रायगड जिल्ह्यातच, खारघरला आहे.

तिथं पीएच.डी. करायची तर आधी एम.एस्सी. हवी. तोवर निदान प्रॅक्टिकलचं जर्नल दुसऱ्याचं बघून उतरवू नये! कारण पुढचं सगळं काम हातांचं आणि नजरेचं. हातमोज्यांवर ७० टक्के अल्कोहोल मारायचं, ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमधून पेशींचा फ्लास्क काढायचा. फ्लास्कमधलं गुलाबी द्रावण पिवळं पडलं, तर पेशी दाटल्या किंवा जंतू शिरले.

याच वाटेने गेलेल्या कॅन्सर संशोधक कमल रणदिवे १९३४मध्ये फर्ग्युसनमधून वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झाल्या. पुढे मुंबईत त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा, म्हणजे अशाच पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा, उभारली. १९८२मध्ये पद्मभूषण मिळालं.