श्रवणप्रक्रिया आणि श्रवणदोष : कुर्ला परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. मनुष्य झोपेत असतानाही त्याचा कान उघडाच असतो. मध्य व हार्बर रेल्वेमार्ग, लालबहादूर शास्त्री मार्गावरील वाहतूक, विमानतळाकडे उतरणारी विमाने आणि वस्तीत मिसळून गेलेले लहानमोठे कारखाने यांनी वेढलेल्या कुर्ल्यात या इंद्रियाला विश्रांती अशी क्वचितच मिळते.

या विषयाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष वेधले ते एका विद्यार्थ्यामुळे. वर्गात आकडेवारी सांगताना तो 'साठ' ऐवजी 'सात' लिहीत असे आणि विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देत असे. त्याचे लक्ष नसते, असा निष्कर्ष मी काढला होता व तो वर्गात बोलूनही दाखवला होता. पुढे समजले की, तो तीन वर्षे एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात ग्राइंडरवर काम करून शिकत होता. कानांच्या तपासणीत दोन्ही कानांत दोष आढळला. त्याला माझा आवाज ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते. ऐकू येणे आणि कळणे यांत हे अंतर का पडते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कानाची रचना व कार्य :

कानाचे बाह्यकर्ण, मध्यकर्ण आणि अंतःकर्ण असे तीन भाग पडतात. बाह्यकर्णाची पाळी ध्वनिलहरी गोळा करून सुमारे 2.5 सें.मी. लांबीच्या कर्णनलिकेत पाठवते. ही नलिका एका बाजूने बंद असल्यामुळे सुमारे 3000 हर्ट्झच्या आसपासचे ध्वनी तिच्यात अनुनादाने अधिक तीव्र होतात.

नलिकेच्या टोकाशी असलेला कानाचा पडदा कंप पावतो आणि ते कंपन मध्यकर्णातील हातोडी, ऐरण व रिकीब या तीन हाडांमार्फत पुढे जाते. रिकीब हे मानवी शरीरातील सर्वांत लहान हाड होय. या साखळीची आवश्यकता भौतिकशास्त्राच्या दृष्टीने समजून घेण्यासारखी आहे. हवेतील ध्वनी द्रवाच्या पृष्ठभागावर आदळला असता त्याची बहुतांश ऊर्जा परावर्तित होते, आणि अंतःकर्ण तर द्रवाने भरलेला आहे. पडद्याचे क्षेत्रफळ रिकिबीच्या तळाच्या सुमारे 17 पट असते. त्यात हाडांच्या तरफेची भर पडून दाब जवळजवळ 22 पट वाढतो. मध्यकर्ण ही तूट अशा रीतीने भरून काढतो.

अंतःकर्णातील शंखाकृती नलिका सुमारे 35 मि.मी. लांब असून तिला पावणेतीन वेढे असतात. तिच्यातील आधारपटल पायथ्याशी उच्च, तर टोकाशी नीच वारंवारतेच्या ध्वनीला प्रतिसाद देते. या संशोधनाबद्दल गेऑर्ग फोन बेकेशी यांना 1961 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पटलावर प्रत्येक कानात सुमारे 15,000 केशपेशी असतात. त्यांपैकी साधारण 3,500 आंतर केशपेशी ध्वनीचा संदेश श्रवणतंत्रिकेकडे पोहोचवतात, तर बाह्य केशपेशी सूक्ष्म ध्वनी वाढवून घेतात. पक्ष्यांमध्ये नष्ट झालेल्या केशपेशी पुन्हा निर्माण होतात. मानवात होत नाहीत.

श्रवणदोषांचे प्रकार :

1) वहनजन्य दोष : ध्वनी अंतःकर्णापर्यंत पोहोचण्याच्या मार्गातच अडथळा येतो. कानात मळ घट्ट होणे, मध्यकर्णाचा संसर्ग, कान वाहणे, पडद्याला छिद्र पडणे, रिकीब जखडणे ही त्याची कारणे होत. असे बहुतेक दोष औषधोपचाराने वा शस्त्रक्रियेने सुधारू शकतात. कान वाहत असताना त्यात तेल घालण्याचा घरगुती उपाय मात्र अपायकारक ठरू शकतो.

2) संवेदी-चेताजन्य दोष : यात केशपेशी किंवा श्रवणतंत्रिका बाधित होते. वार्धक्य, जन्मजात कारणे, दीर्घकाळचा गोंगाट आणि काही औषधे यांमुळे तो उद्भवतो. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन व अमिकासिन या इंजेक्शनांनी अनेक रुग्णांचा जीव वाचला, परंतु काहींचे श्रवण कायमचे गेले. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधप्रतिरोधक क्षयासाठी तोंडाने घ्यायच्या औषधांना प्राधान्य दिले, त्यामागे हेही एक कारण होते.

3) कर्णनाद : बाहेर ध्वनी नसताना कानात शिटी वा गुणगुण ऐकू येणे. पुष्कळदा ही केशपेशींच्या हानीची पहिली सूचना असते.

गोंगाट आणि कुर्ला :

डेसिबल हे लघुगणकीय मापन आहे. तीव्रता 3 डेसिबलने वाढली म्हणजे ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. गवतावरून एकदा चालले तर ते पुन्हा उभे राहते; रोज चालले तर तेथे पायवाट पडते. केशपेशींचेही तसेच आहे. दिवसभराच्या गोंगाटानंतर कान 'बसतो' व सकाळी मोकळा होतो, म्हणून मनुष्य निर्धास्त राहतो. ही हानी प्रथम 4000 हर्ट्झच्या आसपास होते. स्वर प्रामुख्याने नीच वारंवारतेचे असल्याने ते ऐकू येतात. परंतु स, श, त, ठ, ख, फ यांसारख्या व्यंजनांतील भेद उच्च वारंवारतेच्या ध्वनींवर अवलंबून असल्याने निसटतो. 'सात' आणि 'साठ' यांचा घोटाळा होतो तो येथेच.

कुर्ल्याचा औद्योगिक इतिहास याच अनुभवाने भरलेला आहे. जमशेटजी टाटा यांनी 1886 मध्ये येथील धरमसी मिल विकत घेऊन तिचे 'स्वदेशी मिल' असे नामकरण केले. धोट्याच्या मागांच्या साचा खात्यात आवाज 90 डेसिबलच्या वर जातो. अशा खात्यांतील कामगार हातवाऱ्यांनी व ओठांच्या हालचालींवरून संवाद साधत. आज कारखाना नियमांनुसार 90 डेसिबलमध्ये 8 तास आणि 95 डेसिबलमध्ये केवळ 4 तास काम करता येते. गोंगाटजन्य बहिरेपण कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात नोंद घेण्याजोगा व्यवसायजन्य रोग म्हणून समाविष्ट होते. गिरणी बंद पडली. परंतु गल्लीतल्या लहान कारखान्यांत ग्राइंडरचा आवाज सुरूच आहे आणि तेथे हे नियम क्वचितच पोहोचतात.

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी क्षेत्रात दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. कुर्ल्यातील नेहरूनगर व चुनाभट्टी येथील रहिवासी संघटनांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये निर्णय दिला. ध्वनिक्षेपकाचा वापर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, गोंगाट हा आरोग्यास धोका आहे, असे नमूद करून तक्रारदाराची ओळख गुप्त ठेवण्याचे निर्देश पोलिसांना देण्यात आले. येथे एक भेद लक्षात घ्यावयास हवा. 55 डेसिबलची मर्यादा झोप व मनःशांती यांचे रक्षण करते. केशपेशींची हानी प्रामुख्याने त्याहून बऱ्याच वरच्या, 80 ते 85 डेसिबलपुढील दीर्घ संपर्काने होते. कानात इअरफोन घालून लोकलच्या खडखडाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवणारा विद्यार्थी ही पातळी सहज ओलांडतो. 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपेक्षा अधिक ऐकू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे.

निदान, कायदा आणि महाविद्यालय :

ऑडिओमेट्री ही वेदनारहित तपासणी आहे. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतील कान-नाक-घसा विभागात, तसेच 1983 पासून वांद्रे येथे कार्यरत असलेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ती करता येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबल श्रवणहानी असलेली व्यक्ती 'ऐकण्यास कठीण' आणि 70 डेसिबल वा अधिक हानी असलेली 'कर्णबधिर' ठरते. परंतु 35 किंवा 40 डेसिबलची हानी असलेला विद्यार्थी या व्याख्येत बसत नाही. त्याला प्रमाणपत्र मिळत नाही, सवलतही मिळत नाही. वर्गात मात्र तो रोज काही ना काही गमावत असतो. त्यामुळे त्याची जबाबदारी प्रामुख्याने अध्यापकावर येते.

या दृष्टीने पुढील सूचना कराव्याशा वाटतात :

1) प्रथम वर्षाच्या आरोग्य तपासणीत श्रवणचाचणीचा समावेश करावा.
2) आकडे, संज्ञा व विशेषनामे फळ्यावर लिहावीत आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नये.
3) गाडी जात असताना बोलणे थांबवावे, आवाज चढवल्याने व्यंजने अधिक स्पष्ट होत नाहीत.
4) कारखान्यात काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना कानात घालावयाच्या फोमच्या गुटख्या वा कान झाकणारी साधने वापरण्यास सांगावे. कापसाच्या बोळ्याने फारसे संरक्षण मिळत नाही.

समारोप :

वहनजन्य दोष बऱ्याच अंशी बरा होऊ शकतो. गोंगाटाने गेलेले श्रवण परत येत नाही. श्रवणयंत्र ध्वनी मोठा करते, मेलेली केशपेशी जिवंत करत नाही. त्यामुळे प्रतिबंध हाच खरा उपाय ठरतो, आणि त्यासाठी दोष वेळीच ओळखला जाणे आवश्यक आहे. उपरोक्त विद्यार्थी आता पुढच्या बाकावर बसतो व कामावर कान झाकतो. त्याची झालेली हानी भरून येणार नाही. मात्र 'लक्ष नाही' असा शेरा मारण्यापूर्वी 'ऐकू आले का?' असे विचारण्याची सवय त्याने त्याच्या अध्यापकाला लावली आहे.