पडद्यावरची बाराखडी

"मुलाला कॉम्प्युटरच्या लाइनीत घालायचे आहे, मग मराठीचा तास कशाला?" हा प्रश्न आम्हां शिक्षकांना दरवर्षी शाळा उघडताना ऐकावा लागतो. विचारणारे आईबाप मराठीचे वैरी नसतात. गणेश चतुर्थीला त्यांच्या घरी आरती होते, मंडळाची वर्गणीही ते वेळेवर देतात. त्यांचा हिशेब सरळ असतो. इंग्रजी परीक्षेसाठी, फ्रेंच नोकरीसाठी, क्रेओल घरादारासाठी आणि कॉम्प्युटर उद्याच्या भाकरीसाठी. या हिशेबात मराठीला जागाच उरत नाही.

त्यांच्यापुढे आम्ही संस्कृतीचे व्याख्यान झोडत नाही. ते त्यांनी पुष्कळ ऐकलेले असते. आम्ही उलट त्यांनाच विचारतो, की पडद्यावर जी चित्रे दिसतात, बोट ठेवताच जी कामे होतात, ती रचणाऱ्या माणसांना त्या कल्पना सुचल्या तरी कोठून? याचा मागोवा घेऊ लागले म्हणजे मोठी मौज दिसते. यंत्राकडे पाहून यंत्राची कल्पना सुचली, असे फार थोड्या वेळा घडलेले आहे.

सूझन केअर या अमेरिकन बाईंचेच उदाहरण घ्या. त्या कॉम्प्युटरच्या पंडित नव्हत्या. ललितकलेत डॉक्टरेट मिळविलेल्या चित्रकार होत्या. १९८३ साली त्या ॲपल कंपनीत कामाला लागल्या आणि १९८४ च्या जानेवारीत बाजारात आलेल्या मॅकिन्टॉश या कॉम्प्युटरवरील छोटी छोटी चित्रे त्यांनी काढली. कचऱ्याची टोपली, हसऱ्या चेहऱ्याचा कॉम्प्युटर, थांबा म्हणून सांगणारे मनगटी घड्याळ, ही सारी त्यांचीच. साधन काय, तर चौकटीच्या कागदाची वही. आडवी ३२ घरे, उभी ३२ घरे, म्हणजे एकूण १०२४ घरे. प्रत्येक घर एक तर काळे, नाही तर पांढरे. तिसरा रंग नाही, तिरकी रेघ नाही. अशा अडचणीत चित्र कसे उभे करावयाचे, हे त्यांना पूर्वीच्याच दोन कलांनी शिकविले होते. एक रंगीत तुकडे जडवून केलेले मोझेक आणि दुसरे जाळीच्या कापडावर टाके मोजून केलेले भरतकाम. हे त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितलेले आहे. आमच्या कित्येक घरांत आजीने भरलेला मोर चौकटीत घालून भिंतीवर लावलेला असतो. तो जवळ जाऊन पाहा, टाके मोजा. पडद्यावरचे चित्र आणि तो मोर यांची जात एकच आहे.

याच बाईंची दुसरी गोष्ट आम्हांला अधिक आवडते. मॅकिन्टॉशच्या यादीत प्रत्येक आज्ञेपुढे सफरचंदाचे चिन्ह छापलेले होते. कंपनीचे चालक स्टीव्ह जॉब्ज यांना ते खटकले. इतकी सफरचंदे कशाला, असे त्यांचे म्हणणे. मग केअरबाईंनी चिन्हांचा एक कोश चाळावयास घेतला आणि त्यांत त्यांना एक आकृती सापडली. चौकोन, आणि त्याच्या चारही कोपऱ्यांवर एकेक फास. स्वीडनमध्ये पाहण्याजोग्या स्थळांकडे नेणाऱ्या पाट्यांवर ती असते. आज ती जगभरच्या मॅकिन्टॉशच्या कळपट्टीवर बसली आहे. पण ही आकृती पाटीच्याही आधीची आहे. गोटलंड नावाच्या बेटावर इसवी सन ४०० ते ६०० च्या सुमाराचा एक चित्रशिला सापडलेली आहे, तीवर ती कोरलेली आहे. समुद्राने वेढलेल्या कोणा कारागिराने दगडावर काढलेली गाठ दीड हजार वर्षांनी अशी कामास आली.

ज्यांच्या शेजारी तामिळ कुटुंबे राहतात, त्या वाचकांना ही गाठ ओळखीची वाटेल. दारापुढच्या कोलममध्ये ठिपक्यांभोवती रेघ अशीच वळसे घेत फिरते आणि जेथून निघाली तेथे येऊन मिळते. आपली ठिपक्यांची रांगोळी थोडी निराळी. आपण ठिपके जोडतो, त्या वळसे घालतात. पण नियम दोन्हीकडे आहेत. किती ठिपके, कितीची रांग, कोठे वळावयाचे. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट सिरोमनी आणि राणी सिरोमनी या विद्वानांनी आपल्या सहकाऱ्यांसह हे नियम गणिताच्या भाषेत मांडले व कोलमवरचा त्यांचा निबंध १९७४ साली कॉम्प्युटर-चित्रणाच्या एका पत्रिकेत प्रसिद्ध झाला. रोज सकाळी पुसली जाणारी गोष्ट अशी शास्त्राच्या कागदावर गेली.

आता एका भारतीय खेड्याची गंमत ऐका. ख्रिस्तोफर अलेक्झांडर नावाच्या वास्तुशास्त्रज्ञाने १९६४ साली रचनाशास्त्रावर एक पुस्तक लिहिले. वस्तूला आकार कसा द्यावा, हा त्याचा विषय. त्याच्या शेवटी सोडवून दाखविलेले मोठे उदाहरण आहे ते एका भारतीय खेड्याचे. गुरे, विहीर, जातिपाती, शेताच्या वाटा, या सर्व गरजा एकमेकींत कशा गुंतलेल्या असतात, हे त्यांत उलगडलेले आहे. पुढे १९७७ च्या ग्रंथात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चांगल्या घरा-गावांचे २५३ नमुने मांडले. ते वाचून वॉर्ड कनिंगहॅम आणि केंट बेक या दोन प्रोग्राम लिहिणाऱ्यांना १९८७ साली वाटले, की प्रोग्रामही असेच नमुन्यांवरून बांधता येतील. अशा नमुन्यांची देवाणघेवाण व्हावी म्हणून कनिंगहॅम यांनी कोणालाही दुरुस्त करता येतील अशी पाने तयार केली आणि २५ मार्च १९९५ रोजी ती सर्वांस खुली केली. नाव काय ठेवावे? त्यांना होनोलुलूच्या विमानतळावरची बस आठवली. तिचे नाव 'विकी विकी'. हवाई बेटांच्या भाषेत विकी म्हणजे लवकर. एका बेटावरच्या लोकांचा रोजच्या बोलण्यातला शब्द. आज विकिपीडियामुळे तो शाळेतील पोराच्याही तोंडी आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, सुरू झाला.

येथे एक सावधगिरीची सूचना. उत्सवाच्या भाषणांत हमखास ऐकू येते, की कॉम्प्युटरसाठी संस्कृत ही सर्वांत योग्य भाषा असल्याचे अमेरिकेच्या 'नासा'ने जाहीर केले आहे. असे काही नासाने जाहीर केलेले नाही. १९८५ साली तेथील रिक ब्रिग्ज या एका संशोधकाने एक लेख लिहिला. जुन्या वैयाकरणांची वाक्य फोडण्याची रीत आणि यंत्राला अर्थ समजावून देण्याची रीत यांत त्यांना साम्य दिसले, एवढेच. आपल्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते, असे म्हणणाऱ्यांच्या रांगेत आम्हांला उभे राहावयाचे नाही. पूर्वजांच्या वस्तूकडे नीट पाहून कोणी काही नवे केले, की आमचे कान टवकारतात.

अशी एक वस्तू आमच्या वर्गाच्या भिंतीवरच टांगलेली असते. ती म्हणजे वर्णमाला. क ख ग घ ङ ही रांग कंठातली, च छ ज झ ञ तालूची, ट ठ ड ढ मूर्ध्याची. जीभ मागून पुढे येत येत ओठांशी, म्हणजे प-वर्गाशी, पोहोचते. रोमन लिपीत ए नंतर बी का येते, याला उच्चाराच्या दृष्टीने कारण नाही. आपल्याकडे प्रत्येक अक्षराच्या जागेला कारण आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली इन्स्क्रिप्ट नावाची कळपट्टी प्रमाण म्हणून ठरविली, तेव्हा हेच कारण उपयोगी पडले. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजने. क ज्या कळीवर, तिच्यावरच शिफ्ट दाबून ख. ग वर घ, त वर थ, प वर फ. बोटाला सव्वीस इंग्रजी अक्षरांसारखी आंधळी पाठांतरे करावी लागत नाहीत. अन् हिंदी, तेलुगू, तामिळ या लिप्यांची व्यंजनेही त्याच जागी. आमच्या बेटावर एका शाळेत हिंदी, तामिळ, तेलुगू आणि मराठी असे वर्ग शेजारी शेजारी भरतात. चारही वर्गांतली मुले एकाच कळपट्टीवर बोटे बसवू शकतात, ही बाब आमच्या मते फार मोलाची आहे आणि तिचा जितका फायदा घ्यावयास हवा तितका आपण घेतलेला नाही.

मोबाइल आला आणि पुन्हा पंचाईत झाली. एवढ्याशा काचेवर सारी अक्षरे आणि मात्रा बसवावयाच्या कशा? आय. आय. टी. मुंबईत, पवईच्या आय. डी. सी. या रचनाकलेच्या केंद्रात, प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या मंडळींनी यावर बरीच वर्षे काम केले. २०१३ साली त्यांचे 'स्वरचक्र' आले. क वर बोट ठेवले की त्याच्याभोवती चाक उमटे. का, कि, की, कु, कू, के… हवे त्या बाजूस बोट सरकवून उचलावयाचे, झाले काम. म्हणजे पाटीवर ओळीने लिहिलेली बाराखडी त्यांनी वाकवून गोल केली! ज्याने लहानपणी बाराखडी घोकली आहे, त्याला हे चाक शिकवावे लागत नाही. शिक्षकाला यापेक्षा अधिक समाधान कशाने वाटावे?

अक्षरांच्या रूपाची कथाही अशीच. विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा देवनागरी टाइप घरोघर पोहोचला. त्याचे रेखाटन रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांचे. हे गृहस्थ सुलेखनकार, मराठीतले कवी आणि त्याच पवईच्या केंद्रातले अध्यापक. बोरूने अक्षर काढणाऱ्या हातातून ते काचेवर आले.

इतके सारे तयार असता आपली मुले काय करतात? रोमनमध्ये मराठी लिहितात. आम्ही त्यांना दोष देत नाही. मोठी माणसे, मंडळांचे चिटणीससुद्धा तेच करतात. पण त्यात काय हरवते ते पाहा. एम-ए-एल-ए असे लिहिले, तर ते मला, माला, माळा की मळा? के-ए-एल म्हणजे काल, काळ की कळ? मुंबईचा मुलगा संदर्भाने ओळखील, कारण शब्द त्याच्या कानात आहे. आमच्या मुलाच्या कानात क्रेओल आहे. 'तू' हा शब्द तो टी-यू लिहील, फ्रेंचच्या सवयीने टी-ओ-यू लिहील, किंवा इंग्रजीच्या सवयीने टी-ओ-ओ. ण आणि न, ळ आणि ल, त आणि ट यांतला फरक आधी लिहिण्यातून जातो, मग वाचण्यातून, आणि एके दिवशी जिभेवरूनही. आजोबांच्या तोंडचा ळ नातवाच्या तोंडी ल झालेला आम्ही रोज वर्गात ऐकतो. या बेटावर ळ टिकवावयाचा असेल तर तो फोनवर उमटला पाहिजे; केवळ परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत उमटून भागणार नाही. मराठी कळपट्टी आता बहुतेक फोनांत मिळते. भाषांच्या यादीत जाऊन मराठी निवडावयाची, एवढेच काम.

कॉम्प्युटरच्या लाइनीत जाऊ इच्छिणाऱ्या मुलांकडून आम्ही आणखी एक गोष्ट करवून घेतो. तिला वीज लागत नाही. गणिताच्या चौकटीच्या वहीत सोळा घरे आडवी, सोळा उभी अशी आखणी करावयाची आणि पेन्सिलीने घरे भरून एक वस्तू ओळखू येईल अशी काढावयाची. डोडो पक्षी सहसा पहिल्याच दिवशी जमतो. गणपतीला दोन-तीन दिवस लागतात, कारण सोंड वळवावयाची म्हणजे तिरकी रेघ पायऱ्यांनी काढावी लागते. एकदा एका मुलीने सोंड जमेना म्हणून रांगोळीचे पुस्तक आणले आणि ठिपके मोजून ती काढली. नंतर आम्ही अक्षरे देतो. ग, म, न ही सोळा घरांत आरामात बसतात. क चा पोटातला गोल थोडा त्रास देतो. ळ साठी मुले तिसऱ्या दिवशीही खोडरबर झिजवीत असतात, आणि क्ष ला बत्तीस घरे द्यावीत अशी मागणी करतात.